६६७ नकार: नेपल्स आणि सिसिली इटलीत कसे आले

२१ ऑक्टोबर १८६० या दिवशी सिसिली बेटावर आणि समोरच्या दक्षिण इटलीत सार्वमत झालं. प्रश्न एकच होता: व्हिक्टर इमॅन्युएल या (पिडमाँटच्या, म्हणजे वायव्य इटलीतल्या राज्याच्या) घटनात्मक राजाच्या आणि त्याच्या वारसांच्या अंमलाखाली एक आणि अविभाज्य इटली हवा का? सिसिलीत ४,३२,०५३ जणांनी होकार दिला, ६६७ जणांनी नकार. मुख्य भूमीवर, म्हणजे नेपल्सच्या बाजूला, होकार १३,०२,०६४ आणि नकार १०,३१२.

दहा महिन्यांनी, ऑगस्ट १८६१ मध्ये, मासिमो दाझेलिओ या पिडमाँटच्या माजी पंतप्रधानाने कार्लो मात्तेउच्ची यांना एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: सर्वांच्या संमतीचं सरकार आणायचं म्हणून आपण नेपल्सच्या राजाला घालवलं, पण आता ते राज्य राखायला साठ बटालियन लागतात आणि त्याही पुरत नाहीत असं दिसतं. ट्रोंटो नदीच्या अलीकडे बटालियन लागत नाहीत, पलीकडे लागतात, एवढं मला कळतं.

ट्रोंटो ही नेपल्सच्या जुन्या राज्याची उत्तर सीमा. म्हणजे जिथे शंभरातल्या नव्व्याण्णवांनी हो म्हटलं, तिथेच एका वर्षाच्या आत फौज बसवावी लागली. राष्ट्रवादाने एकोणिसाव्या शतकात युरोपात देश जोडले हे आपण शाळेपासून वाचतो. त्याने इथे नेमकं काय जोडलं आणि काय सुटं राहिलं, ते या एका प्रकरणात जवळून दिसतं.

मराठी वाचकाच्या ओळखीचा इटली

इटलीच्या एकीकरणाची आपली ओळख बरीचशी प्रजासत्ताकवादी क्रांतिकारक मॅझिनीमार्फत झाली आहे. सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या आत्मचरित्राचा आणि लेखांचा मराठी अनुवाद केला. बाबाराव सावरकरांनी १९०७ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि त्याची प्रस्तावना त्या काळच्या तरुणांनी तोंडपाठ केल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. 'अभिनव भारत' हे नावही मॅझिनीच्या 'तरुण इटली'च्या धर्तीवर घेतलेलं. पुढे परीक्षेच्या पुस्तकांनी त्याला सुटसुटीत रूप दिलं: मॅझिनी आत्मा, कॅव्हूर मेंदू, गॅरिबाल्डी तलवार. लक्षात ठेवायला हे सूत्र बरं आहे. पण वाचणाऱ्याला वाटतं की तिघे एकाच देहाचे अवयव होते. प्रत्यक्षात कॅव्हूर पंतप्रधान असलेल्या पिडमाँटच्या राज्यात मॅझिनीला फाशीची शिक्षा फर्मावलेली होती, स्वयंसेवकांचा सेनापती गॅरिबाल्डी कॅव्हूरचं तोंड पाहायला तयार नव्हता, आणि १८६० च्या उन्हाळ्यात कॅव्हूरची झोप ऑस्ट्रियापेक्षा गॅरिबाल्डीने जास्त उडवली होती.

दक्षिणेचं राज्य

नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेने इटलीचे तुकडे पुन्हा जुन्या मालकांना वाटले. लोंबार्डी आणि व्हेनिशिया ऑस्ट्रियाकडे गेले. मध्ये टस्कनी, पार्मा, मोडेना ही छोटी संस्थानं आणि पोपचं राज्य. वायव्येला पिडमाँट-सार्डिनिया, राजधानी तुरीन. आणि खाली बूर्बाँ घराण्याचं 'दोन सिसिलींचं राज्य', राजधानी नेपल्स. लोकसंख्या सुमारे ९० लाख, म्हणजे इटलीतलं सर्वांत मोठं राज्य. इटलीतली पहिली रेल्वे १८३९ मध्ये नेपल्स ते पोर्तिची अशी इथेच धावली होती, तेव्हा ते अगदीच मागास होतं असं समजायचं कारण नाही. मात्र ती रेल्वे नेपल्सच्या आसपासच घुटमळत राहिली, हेही खरं.

या राज्याच्या आतच एक जुनं भांडण होतं. सिसिलीला १८१२ मध्ये स्वतःची राज्यघटना मिळाली होती. १८१६ मध्ये राजाने ती गुंडाळून बेट नेपल्सला जोडलं. १८२० आणि १८४८ मध्ये पालेर्मो उठलं ते प्रामुख्याने नेपल्सच्या विरुद्ध. १२ जानेवारी १८४८ चा पालेर्मोचा उठाव हा त्या वर्षीच्या युरोपातल्या क्रांत्यांमधला पहिला. पॅरिस नंतर पेटलं. सिसिलीच्या सुशिक्षितांना हवं होतं ते नेपल्सच्या जोखडातून सुटणं. इटलीत जाणं हा त्यांच्यापैकी अनेकांसाठी सुटकेचा रस्ता होता.

दुसरं दुखणं जमिनीचं. सरंजामशाही कायद्याने संपली होती: नेपल्समध्ये १८०६ मध्ये, सिसिलीत १८१२ मध्ये. पण ती संपताना गावकऱ्यांचे गायरानावरचे, जंगलावरचे हक्कही गेले. सरपण, चराई, सुगीनंतर शेतात उरलेली कणसं वेचणं, हे सगळं ज्या जमिनीवर चालायचं तिला खासगी मालक मिळाले. गावकऱ्यांचा हिस्सा कागदावर मान्य झाला होता, पण जमिनीची मोजणी आणि वाटप पिढ्यान्‌पिढ्या रखडलं, कारण गावच्या नगरपालिकेत बसणारे आणि ती जमीन बळकावणारे बहुधा तेच लोक होते. या शेतकऱ्याला कुणी देशाविषयी विचारलं असतं, तर त्याने आधी जमिनीचं काय ते विचारलं असतं.

एकच झेंडा, दोन निकाल

राष्ट्रवादाची ताकद मोजायची तर १८५७ आणि १८६० शेजारी ठेवून पाहावेत.

जून १८५७ मध्ये कार्लो पिसाकाने हा नेपल्सचाच माजी लष्करी अधिकारी पोंझा बेटावरच्या तुरुंगातून सुमारे ३०० कैदी सोडवून साप्रीच्या किनाऱ्यावर उतरला. शेतकरी उठतील अशी त्याची खात्री होती. शेतकरी उठले, पण त्याच्यावरच. सान्झा गावात कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन लोक चालून आले आणि पिसाकाने तिथेच संपला. त्याच्याकडे इटलीचा तिरंगा होता, ध्येय होतं, धैर्यही होतं. गावकऱ्यांना मात्र ते दरोडेखोर वाटले.

तीन वर्षांनी गॅरिबाल्डी उतरला आणि चार महिन्यांत नेपल्सला पोचला. मधल्या काळात दक्षिणेतल्या खेड्यांत इटलीप्रेम उफाळून आलं असं मानायला काही आधार नाही. बदललं ते दुसरंच. मे १८५९ मध्ये राजा फर्डिनांड दुसरा वारला आणि तेविसाव्या वर्षी फ्रान्सिस दुसरा गादीवर आला. त्याच वर्षी बंड केल्यामुळे स्विस भाडोत्री पलटणी बरखास्त कराव्या लागल्या. त्या सैन्यात सर्वांत भरवशाच्या होत्या. उत्तरेत फ्रान्सच्या मदतीने पिडमाँटने ऑस्ट्रियाला माजेंता आणि सोल्फेरिनोला हरवलं होतं, म्हणजे बूर्बाँ राजाचा पाठीराखा लंगडा झाला होता. आणि ४ एप्रिल १८६० ला पालेर्मोत पुन्हा उठाव झाला. शहरातला उठाव चिरडला गेला, पण डोंगरातल्या टोळ्या हटल्या नाहीत. गॅरिबाल्डी पोचला तो पेटलेल्या बेटावर.

५ मेच्या रात्री जेनोवाजवळच्या क्वार्तोहून दोन आगबोटी निघाल्या, 'पिएमोंते' आणि 'लोंबार्दो'. स्वयंसेवक सुमारे १,०८९. हे कोण होते हे पाहण्यासारखं आहे: वकील, डॉक्टर, विद्यार्थी, कारागीर, बहुतेक बेर्गामो, ब्रेशा, मिलान, पाविया, जेनोवा इथले. सिसिलीचे मोजकेच, तेही फ्रांचेस्को क्रिस्पीसारखे हद्दपारीत दिवस काढलेले. शेतकरी जवळजवळ नाहीच. बाई एक, क्रिस्पीची पत्नी रोझाली मोंमासाँ. देशासाठी मरायला घरून निघालेली ही माणसं होती आणि त्यांच्या बाबतीत राष्ट्रवाद ही प्रेरणा शंभर टक्के खरी होती. हे ठासून सांगायला हवं, कारण पुढे जे लिहितो आहे त्यावरून सगळाच मामला ढोंगाचा होता असा समज व्हायला नको.

त्यांच्या हातातल्या बंदुका मात्र गंजक्या होत्या. लोकवर्गणीतून घेतलेल्या चांगल्या रायफली मिलानमध्ये कुलूपबंद होत्या, आणि त्या द्यायला नकार देणारा मिलानचा गव्हर्नर होता हाच दाझेलिओ.

११ मे रोजी ते मार्सालाला उतरले. बंदरात दोन ब्रिटिश युद्धनौका होत्या आणि किनाऱ्यावर इंग्रज व्यापाऱ्यांची दारूची कोठारं, त्यामुळे बूर्बाँ आरमाराने तोफा डागायला वेळ लावला. १४ तारखेला सालेमी गावात गॅरिबाल्डीने व्हिक्टर इमॅन्युएलच्या नावाने बेटाचा सर्वाधिकारी म्हणून सूत्रं हाती घेतली. १५ तारखेला कालाताफिमीची लढाई जिंकली, २७ तारखेला तो पालेर्मोत घुसला. जूनमध्ये सुमारे २०,००० बूर्बाँ सैनिकांनी शहर सोडलं.

इथे दोन फर्मानं लढाईइतकीच कामाला आली. एकाने दळणावरचा कर रद्द झाला. गिरणीवर दर पोत्यामागे द्यावा लागणारा हा कर गरिबाच्या भाकरीवरच बसत असे. दुसरं २ जूनचं: जो देशासाठी लढेल त्याला गावच्या सामाईक जमिनीत हिस्सा मिळेल. इटली म्हणजे काय याचं सिसिलीच्या शेतकऱ्याला कळेल असं उत्तर पहिल्यांदाच मिळालं होतं. कर नाही आणि जमीन आहे.

ब्राँते

या उत्तराची परीक्षा दोन महिन्यांतच झाली.

एटना ज्वालामुखीच्या उतारावर ब्राँते नावाचं गाव आहे. १७९९ मध्ये बूर्बाँ राजाने ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याला उपकाराची फेड म्हणून ब्राँतेची जहागीर दिली. नेल्सन गेला, जहागीर वारसांकडे गेली. गावात दोन तट पडले होते. एक जहागिरीच्या बाजूचा, दुसरा सामाईक जमीन परत मागणारा. दुसऱ्या तटाचा पुढारी निकोलो लोंबार्दो हा वकील होता, आणि तो गॅरिबाल्डीचा समर्थकही होता.

फर्मान निघून दोन महिने झाले, जमीन काही मिळेना. २ ऑगस्टला गाव उठलं. कचेरीतले दप्तर जाळलं, घरं लुटली, सोळा जणांना ठार मारलं. त्यात गावचा नोटरी होता, मालक होते, त्यांचे हस्तक होते. हत्या अतिशय क्रूर होत्या, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

गॅरिबाल्डीने नीनो बिक्सिओला पाठवलं. क्वार्तोहून निघालेल्या दोन आगबोटींपैकी 'लोंबार्दो' त्याच्याच हाताखाली होती. ६ ऑगस्टला तो ब्राँतेत पोचला. लष्करी अंमल पुकारला, हत्यारं जमा करवली, गावावर युद्धदंड बसवला, लष्करी न्यायालय नेमलं. खटला काही तासांत उरकला. १० ऑगस्टला पाच जणांना गोळ्या घातल्या. त्यात वकील लोंबार्दो होता. त्याने कुणाला मारल्याचा पुरावा नव्हता; उलट तो स्वतः होऊन बिक्सिओसमोर हजर झाला होता. आणि त्यात गावातला एक वेडसर माणूस होता, ज्याचा गुन्हा एवढाच की तो पत्र्याची पिपाणी वाजवत श्रीमंतांना इशारे देत फिरला होता.

गॅरिबाल्डीची अडचण समजण्यासारखी आहे. मेसिनाची सामुद्रधुनी ओलांडून मुख्य भूमीवर जायचं होतं. मागे बेटावर बंड पेटलेलं परवडणार नव्हतं. ब्रिटनची तटस्थता हवी होती, आणि ब्रिटिश वकिलातीकडून नेल्सनच्या वारसांच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी तगादा चालू होता. शिवाय बेटावरचे जमीनदार आता नव्या राजवटीकडे वळत होते, कारण मालमत्ता सांभाळणारं सरकार त्यांना कुठलंही चाललं असतं. म्हणून राष्ट्राचं काम आणि शेतकऱ्याचं काम यांची टक्कर झाली तेव्हा गॅरिबाल्डीनेही राष्ट्राचं काम आधी धरलं. मला हे प्रकरण सगळ्या युद्धापेक्षा जास्त बोलकं वाटतं. राजाच्या दरबाऱ्यांनी असं वागणं अपेक्षितच होतं. इथे तर प्रजासत्ताकाची स्वप्नं पाहिलेल्या, स्वतः गरिबीत राहणाऱ्या, लोकांनी डोक्यावर घेतलेल्या माणसाने ते केलं.

कॅव्हूरची धावपळ

तुरीनमध्ये कॅव्हूर वेगळ्याच चिंतेत होता. त्याने मोहिमेला उघड पाठिंबा दिला नव्हता आणि अडवलीही नव्हती. फसली तर हात झटकता येतील, जिंकली तर फळ घेता येईल. जूनमध्ये त्याने आपला माणूस ला फारीना याला पालेर्मोत पाठवून ताबडतोब विलीनीकरणाची हाकाटी सुरू केली. जुलैमध्ये गॅरिबाल्डीने त्याला पकडून बोटीवर बसवून परत पाठवलं. मग गॅरिबाल्डी पोचण्याआधी नेपल्समध्ये राजनिष्ठांचा उठाव घडवायचा प्रयत्न झाला, तोही फसला. ७ सप्टेंबरला गॅरिबाल्डी मोजक्या सोबत्यांसह चक्क रेल्वेने नेपल्समध्ये उतरला. राजा आदल्या दिवशी गाएताच्या किल्ल्याकडे निघून गेला होता.

आता पुढचा मुक्काम रोम. आणि रोममध्ये १८४९ पासून फ्रेंच फौज पोपच्या रक्षणाला बसलेली. गॅरिबाल्डी रोमवर चालून गेला तर फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा मध्ये पडणार, आणि १८५९ मध्ये कमावलेलं सगळं हातचं जाणार. म्हणून कॅव्हूरने नेपोलियन तिसऱ्याचा मूक होकार मिळवून ११ सप्टेंबरला पोपच्या राज्यात फौज घातली. निमित्त, तिथे सुव्यवस्था राखण्याचं. १८ तारखेला कास्तेलफिदार्दोला पोपचं सैन्य हरलं. रोम आणि त्याचा परिसर सोडून ती फौज दक्षिणेला सरकली. म्हणजे राष्ट्रवादाच्या एका फौजेला अडवायला राष्ट्रवादाचीच दुसरी फौज निघाली, आणि दोघींच्या हाती झेंडा तोच होता.

इथे या विचाराचं खरं बळ दिसतं. पिडमाँटने कारण नसताना शेजारच्या दोन राज्यांवर चढाई केली होती. पूर्वीच्या युरोपात याला सरळ प्रदेश बळकावणं म्हटलं गेलं असतं. बऱ्याच राजधान्यांनी निषेध केलाही. पण २७ ऑक्टोबरला ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांनी खलिता पाठवून दक्षिण इटलीच्या लोकांना आपलं सरकार उलथवायला पुरेशी कारणं होती असं मान्य केलं, आणि इंग्लंडच्या १६८८ च्या क्रांतीचा दाखला दिला. लोकांची इच्छा हा आता परराष्ट्रनीतीत चालणारा युक्तिवाद झाला होता. मग ती इच्छा आकड्यांत दाखवणं भाग होतं.

मतपेटी

पण लोकांना विचारायचं कसं? नेपल्समध्ये यावर जोरात वाद झाला. क्रिस्पी, आणि मूळचे मिलानचे संघराज्यवादी विचारवंत कार्लो कात्तानेओ यांचं म्हणणं, आधी प्रतिनिधींची सभा भरवा. कोणत्या अटींवर इटलीत यायचं, काय स्वतःकडे ठेवायचं, ते सभा ठरवील. गॅरिबाल्डीने नेपल्सच्या कारभारावर नेमलेला पाल्लाविचीनो आणि कॅव्हूरपक्ष यांचं म्हणणं, सभा नको, थेट हो किंवा नाही. गॅरिबाल्डी काही दिवस डळमळला आणि सार्वमताच्या बाजूने गेला. माझ्या मते या प्रकरणाचा निकाल त्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागला, रणांगणावर नव्हे. सभा झाली असती तर सौदा झाला असता. सार्वमतात सौद्याला जागाच नव्हती. ज्याला इटली हवा होता पण आपले कायदे, आपली न्यायालयं ठेवून हवा होता, त्याच्यासाठी चिठ्ठीच नव्हती.

मतदान उघड्यावर होतं. मध्ये एक रिकामी पेटी, तिच्या एका बाजूला 'हो'च्या चिठ्ठ्यांचं भांडं, दुसऱ्या बाजूला 'नाही'च्या. मतदाराने सगळ्यांसमोर एका भांड्यातून चिठ्ठी उचलून मधल्या पेटीत टाकायची. भोवती राष्ट्रीय रक्षकदलाचे लोक, समोर गावचे प्रतिष्ठित. अशा वेळी ६६७ लोकांनी नकाराच्या भांड्यात हात घातला हेच नवल. तरीही सगळा आकडा बनावट ठरवून मोकळं होता येत नाही. बूर्बाँ नकोत ही भावना सिसिलीत खरी होती, उत्साह खरा होता, आणि दुसरा पर्याय म्हणजे पुन्हा तोच राजा.

यातली एक गोष्ट पुस्तकांत फारशी येत नाही. सार्वमतात एकवीस वर्षांवरच्या सर्व पुरुषांना मत होतं. दक्षिणेतच १७ लाखांहून जास्त मतं पडली. तीन महिन्यांनी, जानेवारी १८६१ मध्ये, संसदेची निवडणूक झाली तेव्हा पिडमाँटचा कायदा लागला: वय पंचवीस, लिहिता-वाचता येणं आणि वर्षाला ४० लिरा कर. सुमारे २ कोटी २० लाखांच्या देशात मतदार उरले साधारण ४ लाख १८ हजार, म्हणजे शेकडा दोनही नाहीत. देश करायला सगळ्यांची मतं चालली, चालवायला नाही.

तुरीनचा कायदा

१७ मार्च १८६१ रोजी इटलीचं राज्य जाहीर झालं. राजाने स्वतःला इटलीचा पहिला म्हणवलं नाही. तो पिडमाँटच्या क्रमाने व्हिक्टर इमॅन्युएल दुसराच राहिला. संसदही पहिली धरली नाही, पिडमाँटच्या हिशेबाने आठवी. नेपल्सच्या माणसाला यातून जे समजायचं ते समजलं.

फारीनी हा नेपल्सचा कारभार पाहायला नेमलेला माणूस. त्याने २७ ऑक्टोबर १८६० रोजीच कॅव्हूरला लिहिलं होतं: कसला इटली, ही तर आफ्रिका आहे. स्वतः कॅव्हूर आयुष्यात कधी टस्कनीच्या खाली गेला नव्हता, आणि त्याचा बराचसा पत्रव्यवहार फ्रेंचमध्ये चाले. ज्या देशाच्या ऐक्याची ग्वाही दिली जात होती त्याच्या अर्ध्या भागाची ऐक्य घडवणाऱ्यांना माहितीच नव्हती, आणि पहिली भेट होताच त्यांना धक्का बसला.

टस्कनीशी तुलना केली की दाझेलिओच्या त्या ट्रोंटो नदीचा उलगडा होतो. टस्कनीचं सार्वमत मार्च १८६० मध्ये झालं: विलीनीकरणाला ३,६६,५७१, वेगळ्या राज्याला १४,९२५. इथेही मतदानावर जमीनदारांची छाप होतीच. पण एप्रिल १८५९ मध्ये ग्रँड ड्यूक निघून गेल्यावर जवळजवळ अकरा महिने बेत्तीनो रिकासोली आणि तिथले सरदार स्वतः राज्य चालवत होते, आणि त्यांनी आपल्या गतीने, आपल्या अटी सांभाळत तुरीनशी बोलणी केली. याचा परिणाम फार पुढेपर्यंत टिकला. टस्कनीच्या दंडसंहितेत फाशी नव्हती. ती संहिता टस्कनीने इटलीत आल्यावरही ठेवली, थेट १८८९ मध्ये सगळ्या देशाचा एक दंडविधान होईपर्यंत. नेपल्सला मात्र काही महिन्यांत पिडमाँटची दंडसंहिता लागू झाली. राष्ट्रवाद दोन्हीकडे तोच, राजाही तोच. फरक पडला तो आत येण्याच्या रीतीने.

सुधारण्याची संधी आली होती. गृहमंत्री मिंगेत्ती यांनी १८६१ च्या वसंतात प्रांतांना काही अधिकार देणारी विधेयकं मांडली. सिसिलीतही एका सल्लागार मंडळाने बेटाला स्वायत्तता मागितली होती. पण दक्षिणेत बंड पेटलं, ६ जूनला कॅव्हूर वारला, आणि मोकळीक दिली तर जुना राजा परत येईल ही भीती वरचढ ठरली. विधेयकं बारगळली. ऑक्टोबरपासून प्रीफेक्टची, म्हणजे केंद्राने नेमलेल्या जिल्हाधिकाऱ्याची, पद्धत सगळीकडे लागू झाली.

मग सक्तीची लष्करभरती आली. सिसिलीत बूर्बाँनी ती कधी लादली नव्हती. तरुण डोंगरात पळाले. मुख्य भूमीवर जुन्या सैन्यातल्या शिपायांना पुन्हा हजर व्हायचा हुकूम निघाला, आणि बरेचसे हजर होण्याऐवजी टोळ्यांना मिळाले. सीमाशुल्क एकदम खाली आलं आणि नेपल्सचे संरक्षणात वाढलेले कारखाने उघडे पडले. सरकारने या सगळ्याला दरोडेखोरी म्हटलं. कार्मिने क्रोक्कोसारखे खरेखुरे दरोडेखोर त्यात होतेच. रोममध्ये आश्रय घेतलेल्या बूर्बाँ राजाचा पैसा होता. आणि जमीन न मिळालेले शेतकरी होते. ऑगस्ट १८६१ मध्ये कासाल्दूनीला चाळीसच्या आसपास सैनिक मारले गेले. १४ तारखेला सैन्याने ते गाव आणि शेजारचं पोंतेलांदोल्फो जाळलं. ऑगस्ट १८६३ मध्ये पिका कायदा आला आणि दक्षिणेच्या मोठ्या भागात लष्करी न्यायालयं बसली. तोवर तिथे एक लाखाच्या आसपास फौज होती. सप्टेंबर १८६६ मध्ये खुद्द पालेर्मो साडेसात दिवस बंडखोरांच्या ताब्यात गेलं आणि आरमाराच्या तोफांनी परत घ्यावं लागलं.

काय जुळलं

एवढं वाचून राष्ट्रवाद म्हणजे वरवरचा मुलामा होता असा निष्कर्ष काढणारे आहेत, विशेषतः आजच्या दक्षिण इटलीत बूर्बाँ काळाच्या गोड आठवणी काढणारे. ते मला पटत नाही. हा विचार नसता तर बेर्गामोचा विद्यार्थी कालाताफिमीच्या टेकडीवर चढला नसता. गॅरिबाल्डीसारखा प्रजासत्ताकवादी, ज्याचं जन्मगाव नीस कॅव्हूरने त्याच वर्षी फ्रान्सला देऊन टाकलं होतं, तो नोव्हेंबरमध्ये अर्धा देश राजाच्या हाती सोपवून काप्रेरा बेटावर शेती करायला गेला नसता. एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या राजनिष्ठ, प्रजासत्ताकवादी आणि सिसिलीच्या स्वायत्ततावादी मंडळींना काही महिने एका बाजूला ठेवायचं काम दुसऱ्या कुठल्याही कल्पनेला जमलं नसतं. राज्यं जिंकण्याला युरोपात मान्यता मिळवून द्यायचं कामही तिनेच केलं.

ती गावापर्यंत पोचली नाही, कारण गावाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी, जमीन आणि कर, तिच्या पुढाऱ्यांनी वाटाघाटीत सोडून दिल्या. दळणावरचा कर १८६८ च्या कायद्याने परत आला, या वेळी सगळ्या देशावर. १ जानेवारी १८६९ पासून तो लागू झाला तेव्हा सर्वांत मोठे दंगे उत्तरेत, एमिलियात झाले. म्हणजे दुरावा दक्षिणेपुरता नव्हता.

जर्मनीचं उदाहरण इथे लगेच पुढे केलं जातं, आणि ते पूर्ण निर्दोष नाही. १८६६ मध्ये हॅनोव्हरचं राज्य प्रशियाने सरळ गिळलं, कुणाचं मत विचारलं नाही. पण १८७१ मध्ये बव्हेरिया जर्मन साम्राज्यात आला तो शांतताकाळातल्या स्वतःच्या सैन्यासह, स्वतःचं पोस्ट, स्वतःची रेल्वे आणि बिअरवरचा स्वतःचा कर राखून. बिस्मार्क काही उदार नव्हता. बव्हेरियाचा राजा गादीवर होता, त्याचं सैन्य शाबूत होतं, तेव्हा सौदा करणं भाग पडलं. नेपल्सकडे सौद्याला बसायला कुणी उरलंच नव्हतं: राजा गाएतात वेढला गेलेला, गॅरिबाल्डी काप्रेरावर आणि सभा कधी भरलीच नाही.

आणि मॅझिनी? १८६६ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाने त्याला संसदेवर निवडून दिलं. जुन्या शिक्षेचं कारण दाखवून संसदेने ती निवड रद्द केली. १० मार्च १८७२ रोजी तो पिसा शहरात वारला, एकसंध झालेल्या इटलीत, ब्राऊन या खोट्या नावाने राहत असताना.